पूर्वधक्का म्हणजे काय, हे केव्हा कळतं?

मंडळी, एकोडीत बसून समुद्रतळाबद्दल बोलायचं, हे जरा नवल वाटेल. पण २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरलं, तेव्हा तो धक्का विदर्भातही जाणवला होता. आपली जमीन अगदीच निवांत नाही. म्हणून आज आपण एकच प्रश्न घेऊ: छोटा धक्का बसला, तर पुढे मोठा येणार का?

कोयनेपासून सुरुवात करू. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर भरू लागला आणि परिसरात छोटे धक्के सुरू झाले. १३ सप्टेंबर १९६७ ला पाच रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला. हाच मोठा, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण ११ डिसेंबरच्या पहाटे त्याहून कितीतरी मोठा धक्का आला आणि सुमारे १८० माणसं गेली. सप्टेंबरच्या धक्क्याला आपण आज ‘पूर्वधक्का’ म्हणतो, ते डिसेंबर घडून गेल्यावर.

कोयनेत खडकाचे दोन भाग एकमेकांना घासत आडवे सरकले. समुद्रतळावर अशाच आडव्या सरकणाऱ्या भेगा कटकांचे तुकडे जोडतात. १९६५ मध्ये टुझो विल्सन यांनी त्यांना ‘ट्रान्सफॉर्म’ हे नाव दिलं. पूर्व प्रशांत महासागरातल्या गोफर भेगेवर साधारण दर पाच-सहा वर्षांनी सहा रिश्टरचा भूकंप होतो. त्या हिशोबाने शास्त्रज्ञांनी तळाशी उपकरणं आधीच मांडून ठेवली आणि २००८ मध्ये पूर्वधक्के व मुख्य भूकंप दोन्ही टिपले.

आपल्याकडे असा हिशोब जमत नाही, कारण पाच-सहा वर्षांची ती आवर्तनं इथे नाहीत. किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबरात छोटे धक्के बसले. पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं मेली. आदल्या वर्षीच्या धक्क्यांचा अर्थ त्या वेळी कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं, आजही तसा सांगता येत नाही.

म्हणून ‘पुढे काय होईल’ हे विचारण्याआधी आपण ‘घर कशाचं आहे’ हे विचारायला हवं. भिंतीला आडवे पट्टे आहेत का, कोपरे नीट बांधले आहेत का, छपराचं वजन किती आहे? आज घरी गेलात की एवढं बघा.