तीव्र मद्यविषबाधा : तातडीचे उपचार

थोड्या वेळात खूप मद्य पोटात गेल्याने शुद्ध, श्वसन व शरीराचे तापमान यांवरील मेंदूचा ताबा सुटण्याची अवस्था. सोलापुरात अशा रुग्णांसाठी मुख्य शासकीय आधार म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, लोकांचे ‘सिव्हिल’. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९६३) संलग्न आहे.

प्रथमोपचार : रुग्णाला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये व १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाला लिंबूपाणी, ताक वा कॉफी पाजू नये, उलटी करवू नये. पोटातले श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

रुग्णालयीन उपचार : आधी श्वसनमार्ग मोकळा करतात, शुद्ध फारच हरपली असल्यास श्वासनलिकेत नळी घालतात. रक्तशर्करा ताबडतोब तपासून गरजेनुसार ग्लुकोज व थायमिन देतात. मद्याला उतारा नाही. यकृत ते ठरावीक गतीनेच पचवते. ती गती सलाइनने वाढत नाही आणि औषधी कोळसा मद्य शोषत नाही. दारूचा वास आला म्हणून ‘पिऊन पडलाय’ एवढ्यावर थांबणे घातक ठरते. डोक्याला मार, फिट, मधुमेह, कीटकनाशक या शक्यता तपासल्याच पाहिजेत. काही तासांत शुद्ध सुधारली नाही तर सीटी स्कॅन करावा.

मिथेनॉल : भेसळीच्या दारूतील हे विष शरीरात फॉर्मिक आम्ल बनून दृष्टी व प्राण घेते. अंधुक दिसणे, पोटदुखी व धाप ही लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी उमटतात. फोमेपिझोल वा इथेनॉल, सोडियम बायकार्बोनेट, फोलिनिक आम्ल व रक्तशुद्धीकरण (डायलिसिस) हे उपचार होत. मुंबईतील मालवणीत जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभरावर बळी घेतले. सोलापूर जिल्ह्यात मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील हातभट्टी बंद करून कुटुंबांना पर्यायी रोजगार देण्यासाठी ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवले.

पुढील काळजी : रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट व साधारण ४८ ते ९६ तासांत प्रलाप उद्भवू शकतो, त्यावर लोराझेपाम वा डायझेपाम देतात. घरी सोडताना व्यसनमुक्ती उपचारांशी जोडून देणे हाही उपचाराचाच भाग होय.

कायदा : पोलिसी सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात (१९८९) बजावले. हा हक्क मद्यपी रुग्णालाही तितकाच आहे.