संशयित किल्ल्याची तपासणी : इंग्लंडमधील मातीची टेकाडे

किल्ला म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर डोंगर, तट आणि बुरूज येतात. इंग्लंडमध्ये १०६६ साली नॉर्मनांनी सत्ता मिळवल्यानंतर बांधलेले सुरुवातीचे बहुतेक किल्ले मात्र माती आणि लाकडाचे होते. मातीच्या उंच टेकाडावर (मॉट) लाकडी मनोरा आणि पायथ्याशी खंदक व बांधाने वेढलेले आवार (बेली), अशी त्यांची रचना असे. लाकूड कुजून गेले. उरले ते गवताळ टेकाड. ते खरोखर किल्ल्याचे आहे का, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

संशय का येतो?

टेकाडे अनेक प्रकारची असतात. कांस्ययुगातील दफनटेकाडे, पवनचक्कीसाठी केलेले उंचवटे, जुन्या बागांमधील शोभेची टेकाडे आणि हिमनद्यांनी मागे ठेवलेले मातीचे ढीग दुरून सारखेच दिसतात. पाण्याचा खंदक हाही पक्का पुरावा नाही, कारण मध्ययुगात अनेक जमीनदारांच्या वाड्यांभोवतीही खंदक असत. नावही फसवू शकते. डॉर्सेटमधील ‘मेडन कॅसल’ हा मध्ययुगीन किल्ला नसून लोहयुगातील तटबंदीची टेकडी आहे.

तपासणी कशी होते?

आधी सनदा, राजदरबाराचे हिशेब आणि जुने नकाशे पाहिले जातात. मात्र कागदपत्रांत उल्लेख नाही म्हणून किल्ला नव्हता, असे म्हणता येत नाही. राजा स्टीफनच्या काळातील (११३५–११५४) यादवीत घाईने उभारलेल्या काही किल्ल्यांची नोंदच झाली नाही.

त्यानंतर जमिनीची पाहणी होते. विमानातून लेझर किरण सोडून जमिनीची उंचसखलता मोजणाऱ्या ‘लायडार’ तंत्राने नांगरटीत जवळजवळ सपाट झालेले बांधही दिसतात. मातीचा विद्युतरोध आणि चुंबकीय फरक मोजून बुजलेले खंदक व भिंतींचे पाये शोधता येतात. कालनिर्णयासाठी मात्र मातीतलाच पुरावा लागतो : खापरे, किंवा रेडिओकार्बन पद्धतीने वय काढता येईल असा कोळसा.

उत्तर उलटे निघते तेव्हा

विल्टशायरमधील मार्लबरो येथील सुमारे १९ मीटर उंचीचे टेकाड नॉर्मन मॉट मानले जाई. २०१० मध्ये त्यात उभे छिद्र पाडून मातीचे नमुने काढण्यात आले. त्यांतील कोळशाचे वय इ.स.पू. २४०० च्या सुमाराचे निघाले. यॉर्कशायरमधील स्किपसी येथील टेकाडही अशाच तपासणीत सुमारे २,५०० वर्षांपूर्वीचे ठरले. दोन्ही ठिकाणी नॉर्मन किल्ला होता, हे खरेच आहे; पण नॉर्मनांनी आयते टेकाड वापरले होते. म्हणजे ‘किल्ला होता का?’ आणि ‘टेकाड कोणी उभारले?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

निर्णयाला महत्त्व का?

डेव्हिड कॅथकार्ट किंग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत निश्चित किल्ल्यांबरोबर संभाव्य आणि नाकारलेल्या जागाही नोंदवल्या आहेत. नव्या पुराव्याने जागेचा वर्ग बदलू शकतो. १९७९ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या जागेला संरक्षण मिळते; तिथे परवानगीशिवाय खोदणे किंवा धातुशोधक यंत्र वापरणे गुन्हा आहे. चुकून नाकारलेले टेकाड मात्र नांगराखाली जाऊ शकते आणि त्यातला पुरावा पुन्हा मिळत नाही.