फुकट, मोफत आणि मुक्त

फोटोत आपण जसे आहोत तसेच दिसावे, असे फोटोग्राफी निघाल्यापासून आजतागायत एकाही माणसाला वाटलेले नाही. ठाण्याला आगगाडी आली १८५३ साली आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. म्हणजे गर्दी आणि फोटो आपल्याकडे जवळजवळ जोडीनेच आले, आणि तेव्हापासून गर्दीतला माणूस निदान फोटोत तरी जरा बरा दिसावा म्हणून धडपडतो आहे.

ही धडपड पूर्वी स्टुडिओतला रिटचिंगवाला पार पाडी. निगेटिव्हच्या मागून उजेड सोडायचा, शिसपेन्सिलीला सुईसारखे टोक काढायचे आणि चेहऱ्यावरचे देवीचे वण एकेक करून बुजवायचे. निगेटिव्हवर जिथे शिसे बसते तिथे प्रिंट उजळ येते. सगळी विद्या एवढीच, पण डोळे जात त्यात. याच्याही वरची कामगिरी म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो. दहाव्याच्या आत घरची मंडळी कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येणार, मागल्या रांगेतले एक अर्धवट डोके दाखवणार आणि म्हणणार, ‘‘एवढेच आहेत हो आमचे अण्णा.’’ मग ते डोके मोठे करायचे, शेजारच्याचा खांदा पुसायचा आणि खाली ब्रशाने कोट रंगवायचा. जन्मभर सदरा-लेंग्यात वावरलेले कितीतरी अण्णा आज कल्याण-डोंबिवलीच्या भिंतींवर कोटात आहेत. पण बायको-मुलांना बघायला चेहरा राहिला, ही काही थोडी गोष्ट नव्हे.

मग कॉम्प्युटर आला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या थॉमस नोल नावाच्या विद्यार्थ्याने १९८७ साली पीएच.डी.चा अभ्यास बाजूला सारून एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. भाऊ जॉन सिनेमाच्या ट्रिक सीन्सच्या कंपनीत; त्याने त्यात भर घातली. १९९० च्या फेब्रुवारीत अडोबी कंपनीने तो ‘फोटोशॉप’ म्हणून बाजारात आणला आणि बघता बघता त्याचे क्रियापद झाले. ‘‘जरा फोटोशॉप करून दे रे’’ हे वाक्य डोंबिवलीत ‘‘जरा सरकून घ्या हो’’इतकेच रुळले. अडचण किमतीची. २००२ साली त्याची किंमत अमेरिकेत सहाशे डॉलरच्या आसपास होती, म्हणजे त्या वेळच्या भावाने २८-२९ हजार रुपये. एवढ्या पैशांत एखाद्या क्लार्कचे घर काही महिने चालले असते.

तरीही गल्लोगल्ली फोटोशॉप होतेच! कसे, ते ज्याने लॅमिंग्टन रोडचा फुटपाथ पाहिला आहे त्याला सांगायला नको. चकतीवर स्केचपेनने नाव लिहिलेले, आत ‘क्रॅक’ नावाचे फोल्डर, आणि सीरियल नंबर टाकला की झाले. वास्तविक १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलम ६३-बी घातले गेले. प्रोग्रॅमची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षे तुरुंग आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट तुरुंग टाळू शकते; दंड मात्र तरीही पन्नास हजारांपर्यंत. मी बी.कॉम. असल्यामुळे हिशेब मांडून पाहिला: एका चकतीच्या खर्चावर दोन लाखांची संभाव्य देणी. अशी एन्ट्री आमच्या बँकेत कुणी केली असती तर ऑडिटरला घेरी आली असती. पण बाहेर तिकिटाविना डब्यात चढलेल्या माणसाकडे संशयाने पाहणारी आमची मध्यमवर्गीय मंडळी या चकतीला चोरी म्हणेचनात. ती ‘अॅडजस्टमेंट’!

गंमत अशी की याच काळात खरोखरच फुकट असा एक प्रोग्रॅम हजर होता आणि त्याला कुणी विचारत नव्हते. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली तो सुरू केला, १९९६ साली जगाला वाटला. नाव गिम्प. सुरुवातीला त्याच्या खिडक्या आणि बटणे ‘मोटिफ’ नावाच्या दुसऱ्या एका सामग्रीवर उभी होती, आणि तिला पैसे पडत. म्हणजे जेवण फुकट, पानाचे भाडे वेगळे! मॅटिसने वैतागून स्वतःची सामग्री लिहिली. तिचे नाव जीटीके. ती पुढे इतकी पसरली की लिनक्सवरचे कितीतरी प्रोग्रॅम आज तिच्यावर उभे आहेत.

मग आपल्याकडे तो का चालला नाही? एक कारण त्याचे रूप. २०१२ पर्यंत गिम्प उघडला की त्याच्या खिडक्या पडदाभर पांगत, एकत्र कुटुंबातल्या भावांसारख्या. सगळ्यांना एका चौकटीत बसवायची सोय आली ती २.८ या आवृत्तीत. पण मुख्य कारण वेगळेच. आपली निवड महाग आणि फुकट यांच्यात कधी नव्हतीच. ती होती चोरलेले फुकट आणि दिलेले फुकट यांच्यात. आणि चोरलेल्यावर मूळची किंमत छापलेली असल्याने ते भारी वाटे.

यात मराठीचा एक मुद्दा राहूनच गेला. जुन्या फोटोशॉपला युनिकोडमधली देवनागरी झेपत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी मागे जाऊन उभी राही, गाडी चुकलेल्या माणसासारखी. जोडाक्षरे पाय मोडून पडत. म्हणून प्रत्येक दुकानात मराठी फॉन्टांचे वेगळे पॅकेज, आणि त्याला डोंगल नावाचे कुलूप. गिम्पने मात्र २००४ च्या २.० आवृत्तीत पॅन्गो ही लिपी जुळवणारी यंत्रणा घेतली. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा. त्या सर्वांत आपणही होतो. फुकटातल्या प्रोग्रॅमला ‘चि. सौ. कां.’ नीट लिहिता येत होते, आणि लग्नपत्रिकांच्या गावाला त्याचा पत्ता नव्हता.

डोळे उघडले २०१३ साली. त्या मे महिन्यात अडोबीने जाहीर केले की यापुढे नवीन आवृत्ती विकत मिळणार नाही, महिन्याच्या वर्गणीने मिळेल. ठाणेकराच्या भाषेत सांगायचे, तर मालकीचा फ्लॅट बंद, आता लीव्ह अँड लायसन्स. भाडे थकले की कुलूप! प्रामाणिकपणे पैसे भरणारे छोटे स्टुडिओवाले यात खरे भरडले गेले. चकतीवाल्यांनी जुनीच आवृत्ती कवटाळली.

तेव्हापासून मात्र लोक पर्याय विचारू लागले. इव्हान कुत्स्किर या एकट्या माणसाने २०१३ मध्ये फोटोपी काढला. तो ब्राउझरमध्ये चालतो, फोटोशॉपच्या फायली उघडतो आणि कडेला जाहिराती दाखवतो. हा मोफत. गिम्प निराळा: त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा. हा मुक्त. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द असल्याने तिकडच्या लोकांना फरक समजावता समजावता दम लागतो. आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि आपण पहिल्यावरच थांबलो.

शिकायचीही सोय आहे. पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात गिम्पचे धडे मराठीतही आहेत. मूळ धडे रॉल्फ स्टाइनॉर्ट या जर्मन गृहस्थांचे, ब्रेमेन गावात तयार केलेले. त्यामुळे ब्रेमेनचा माणूस मराठीत फोटो कापायला शिकवतो, असे दृश्य फडके रोडवरच्या घरात बसून पाहता येते. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींचे मुक्ता, बलू आणि मोदकासारखेच गुबगुबीत ‘मोदक’ हे फॉन्ट आहेत, सगळे मुक्त.

खोट नाही असे नाही. छापखान्याला चार शाईंचे रंग लागतात आणि त्या बाबतीत गिम्प अजून मागे आहे. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत थोडे पुढे सरकले, इतकेच. शिवाय छापखानेवाला तोंड वर न करता विचारतो, ‘‘कोरलमध्ये आहे का?’’ तिथे इंकस्केपचे नाव काढले तर तो आपल्याकडे वर्गणी मागायला आलेल्या माणसाकडे पाहावे तसा पाहतो. पीडीएफ दिली की मात्र मुकाट्याने छापतो.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका यंदा अशीच गिम्पमध्ये झाली. जुन्या सभासदांचे डागाळलेले फोटो मुलांनी चार रात्री बसून साफ केले. खजिनदारांनी खर्चाचा कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर नेला.

‘‘सॉफ्टवेअरचे किती?’’

‘‘काही नाही, काका.’’

‘‘काही नाही म्हणजे? चोरीचं नाही ना?’’ पंधरा वर्षे चकतीवर स्मरणिका काढलेल्या माणसाने हे विचारले.

‘‘नाही हो. त्यांनीच दिलंय.’’

‘‘मग पावती?’’

पावती काही केल्या मिळेना. शेवटी काकांनी स्वतःच व्हाउचर केले: सॉफ्टवेअर, रुपये ०.००, अक्षरी रुपये शून्य फक्त. आणि खाली माझी सही घेतली.