आधी पडदा, मग नाटक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात एक जुना फोटो आहे. उरुसात तंबू ठोकून बसलेल्या फोटोवाल्याने काढलेला. अब्बा खुर्चीवर, अम्मी शेजारी उभी, पुढे मी आणि माझी धाकटी बहीण. मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस आणि काठावर पांढराशुभ्र महाल. आमच्या गावात महाल नव्हता आणि हंस तर कुणी पाहिलेच नव्हते. इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव ते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या आधीच, मी सात-आठ वर्षांचा असताना, आम्ही भांडीकुंडी बैलगाडीत घालून माळावरच्या नव्या गावठाणात आलो होतो. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ कडक उन्हाळ्यात पाण्याबाहेर डोकावतं, लोक बघायला जातात. आमच्या गावाच्या नशिबात तेवढंही नाही. जुन्या गावाचा एकही फोटो कुणाकडे नाही. फोटो आहे तो खोट्या तळ्याचा, आणि गाव आहे खऱ्या तळ्याखाली.

मंडळी, हे सगळं पुन्हा निघालं ते माझ्या भाच्यामुळे. तो व्हीएफएक्स शिकतो, म्हणजे सिनेमातली दृश्यं संगणकावर घडवण्याची विद्या. शेवटच्या वर्षी मुलांना गट करून एक लघुपट करावा लागतो. त्याच्या गटाने विषय घेतला तो बुडालेल्या गावाचा. एक म्हातारा पहाटे पाण्याच्या काठाशी येतो, पाणी ओसरत जातं आणि तो आपल्या गल्लीतून चालत घराच्या दारापर्यंत पोचतो. गोष्ट एवढीच. म्हाताऱ्याचं काम माझ्याकडे आलं. "मामू, तुम्हाला मेकअपही लागणार नाही," असं त्याने वर ऐकवलं.

चित्रीकरण व्हर्च्युअल स्टेजवर होतं. मोठी शेड, आत अर्धगोल भिंत. ती विटांची नव्हे, एलईडीच्या चौकोनी पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली. संगणकात तयार केलेलं गाव त्या भिंतीवर उजळतं आणि नट त्याच्यासमोर उभा राहतो. भाचा मोठ्या उत्साहाने म्हणाला, "ही एकदम नवी गोष्ट आहे, मामू." मी म्हणालो, "बाळा, हा तर पडदाच आहे." तो हसला. पण मी थट्टा करत नव्हतो.

पडद्याची ही गोष्ट आपल्याकडे कोल्हापुरात सापडते. संगीत नाटकांच्या काळात प्रत्येक कंपनीला राजवाडा, अरण्य, रस्ता असे पडदे लागत. ते रंगवणाऱ्यांत आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या भावांचं नाव मोठं होतं. इतकं, की मेस्त्री हे आडनाव मागे पडून 'पेंटर' हेच चिकटलं. सिनेमा पाहून दोघांना त्याचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम तडीस नेलं आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. पडदे रंगवणाऱ्या माणसाने आपल्या सिनेमाचा एक पाया घातला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण पडदे रंगवणाऱ्याला एक शिस्त असते. नाटक रात्री असलं तरी त्याचं काम त्याआधी संपलेलं असावं लागतं. आधी पडदा, मग नाटक.

त्याच सुमारास दादासाहेब फाळके दुसऱ्या वाटेने निघाले होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. त्याआधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. फिल्म चालवून दाखवली तेव्हा दाण्याचं रोप बघता बघता वर आलं. आपल्याकडच्या चमत्कृतीच्या चित्रणाची सुरुवात ही अशी आहे. राक्षस नाही, देव नाही, वाटाण्याचं रोप. पुढे 'लंकादहन' आणि 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी पुराणातले चमत्कार दाखवले, पण आधी लोकांचा विश्वास मिळवला तो रोजच्या पाहण्यातली गोष्ट नीट दाखवून.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनीच १९२९ साली प्रभात कंपनी काढली. त्यांत साहेबमामा फत्तेलाल होते. शेख घराण्यातला हा मुसलमान कलावंत विष्णुपंत दामल्यांच्या जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित करतो, हे मी शाळकरी वयात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मराठीत कविता लिहिण्याचा माझा संकोच निम्म्याने गेला होता. १९३६चा तो चित्रपट. त्यात इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या परत मिळतात, शेवटी वैकुंठाचं विमान येतं. आज त्या विमानातली युक्ती लहान मूलही ओळखेल. तरी देहूचं ते घर, जिजाई, तिची म्हैस हे सगळं इतकं खरं उभं केलंय की विमानही पटतं. फत्तेलाल कलादिग्दर्शनातले मुरब्बी. चमत्कार दाखवायचा असेल तर आधी अंगण खरं पाहिजे, हे त्यांना ठाऊक होतं.

तिकडे परदेशात पडदा वेगळ्या तऱ्हेने बदलत होता. रंगवलेला पडदा हलत नाही. मग अर्धपारदर्शक पडद्यावर मागच्या बाजूने फिल्म पाडायची आणि नटाला पुढे उभा करायचा, अशी रीत निघाली. १९३३च्या 'किंग काँग'मध्ये ती भरपूर वापरली. आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांत नायक मोटार चालवतो आणि मागच्या काचेतून रस्ता पळतो, तीही हीच करामत. अडचण अशी की मागचं चित्र फिकट दिसे आणि कॅमेरा जरा बाजूला सरकला की सोंग उघडं पडे. खऱ्या गल्लीत आपण दोन पावलं सरकलो की जवळचा खांब झटकन सरकतो आणि लांबचं देऊळ सावकाश. पडद्यावर खांब आणि देऊळ एकाच कापडावर. दोघांची चाल एकच.

म्हणून पडदाच पुसून टाकायचा मार्ग निघाला. १९४०च्या 'थीफ ऑफ बगदाद'मध्ये नटांना निळ्या पार्श्वभूमीपुढे उभं केलं आणि निळ्याच्या जागी नंतर दुसरं दृश्य बसवलं. या करामतीला ऑस्कर मिळालं. पुढे डिजिटल कॅमेरे आले तसा निळ्याच्या जोडीला हिरवा रंग जास्त चालू लागला, कारण त्या कॅमेऱ्यांना हिरवा अधिक नेटका टिपता येतो. २०१२च्या 'लाइफ ऑफ पाय'मधला समुद्र आठवा. तो मुलगा तैवानमधल्या एका मोठ्या टाकीत होडीत बसला होता, भोवती निळा पडदा होता आणि बहुतेक दृश्यांत समोर वाघ नव्हताच. त्याचं काम उत्तम झालं. पण या रीतीत एक गोष्ट उलटी झाली. पडदा आता नाटकानंतर रंगवला जाऊ लागला. नटाला आपण कुठे आहोत हे दिसेना. अडलं की 'ते नंतर बघू' हा सगळ्यांचा मंत्र झाला.

२०१९ साली 'द मँडलोरियन' ही मालिका आली तेव्हा चक्र पुन्हा फिरलं. तिच्या नायकाचं चिलखत चकचकीत. हिरव्या पडद्यापुढे उभं केलं तर सगळा हिरवा रंग त्यावर उतरणार. म्हणून सुमारे वीस फूट उंचीची, अर्धवर्तुळाहून मोठी एलईडीची भिंत उभारली आणि तिच्यावर वाळवंट उजळलं. आता वाळवंटाचाच उजेड चिलखतावर पडू लागला. संगणकावरचे खेळ ज्या प्रणालीवर चालतात, तीच इथे चित्र चालवते. कॅमेरा कुठे आहे हे क्षणाक्षणाला मोजलं जातं आणि तो सरकला की भिंतीवरचा खांब झटकन आणि देऊळ सावकाश सरकतं. जुन्या पडद्याचं दुखणं असं बरं झालं.

भाच्याच्या गटाला मात्र या भिंतीने जुनी शिस्त शिकवली. स्टेजचं भाडं तासावर. चित्रीकरणाला एकच दिवस मिळणार आणि त्या दिवशी गाव तयार पाहिजे. पोरं आसपासच्या गावांत फिरली, जुन्या भिंतींचे चहूबाजूंनी शेकडो फोटो काढले आणि त्यांवरून संगणकात दगड-मातीची घरं उभी केली. नकाशा आम्ही दिला. मी आणि माझे दोन चुलतभाऊ वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर गल्ल्या आखत बसलो. लिंबाचं झाड पाराच्या अलीकडे की पलीकडे, यावर दोन दिवस वाद झाला. आमच्या गल्लीतली दोन घरं तर कुणालाच आठवेनात. कोण राहायचं, दार कुठल्या बाजूला, काहीच नाही. कुणी म्हणालं, कुठलीही दोन घरं बसवा, कोण विचारणार आहे? भाच्याने ऐकलं नाही. त्या जागी त्याने धुकं ठेवलं.

चित्रीकरणाच्या दिवशी अम्मीही आली. आता तिची पंच्याऐंशी सरलीत. जमिनीवर खरी माती पसरलेली होती, पोत्यांत भरून आणलेली. ती भिंतीवरच्या मातीशी जुळावी म्हणून एक मुलगी बादलीतून पाणी शिंपडत होती. माती जिथे संपते आणि भिंत सुरू होते तो सांधा दिसला तर सगळं फुकट, असं तिने मला सांगितलं. मला भिंतीपासून बरंच पुढे उभं केलं. कॅमेऱ्याने भिंत फार स्पष्ट टिपली तर चित्रावर लाटांसारखे पट्टे उमटतात म्हणे. एलईडीच्या उजेडात कातडीचा रंगही विचित्र दिसतो, म्हणून वरून वेगळे दिवे लावले होते. एवढं सगळं करून गाव उजळलं. माझ्या हातावर पहाटेचा तांबूस उजेड पडला आणि मी, खरं सांगतो, घाबरलो.

अम्मी बाजूच्या खुर्चीवर होती. ती म्हणाली, "हे आपलं गाव नव्हं. सगळं वाकडं हाय." तिचं बरोबर होतं. भिंतीवरचं चित्र कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठी रचलेलं असतं. बाजूने बघणाऱ्याला घरं कललेली दिसतात. भाच्याने तिची खुर्ची उचलून कॅमेऱ्याशेजारी ठेवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "सूर्य मशिदीच्या मागनं कसा रं उगवतोय? तिकडं तर किब्ला."

सगळे गप्प. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. मशिदीची किब्ल्याकडची भिंत पश्चिमेचीच असणार. तिच्यामागून सूर्य मावळेल, उगवणार नाही. मी आणि भाचा जन्मभर त्या दिशेला तोंड करून उभे राहणारे. महिनोन्‌महिने ते गाव संगणकावर बघत होतो. आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. संगणकावर बसलेल्या मुलाने सूर्य फिरवला. उजेड दुसऱ्या बाजूने आला, नदीकडून, आणि आमच्या घराच्या दारात पडला. अम्मी म्हणाली, "हां. असंच. मी दार उघडलं की ऊन आत यायचं."

मंडळी, मला सांगायचंय ते एवढंच. हिरवं कापड असतं तर अम्मीला हिरवं कापड दिसलं असतं. ती मुकाट्याने चहा पिऊन घरी गेली असती आणि आमच्या गावात सूर्य कायमचा पश्चिमेला उगवत राहिला असता. फाळक्यांच्या वाटाण्यापासून आजपर्यंत युक्त्या कितीतरी बदलल्या. पण जे उभं करायचं ते आधी उभं करावं आणि ज्याने ते खरं पाहिलंय त्याला दाखवावं, याला अजून पर्याय निघालेला नाही. खरं पाहिलेली माणसं आता थोडी उरलीत. धरणांखाली गेलेल्या गावांची तर फारच थोडी. आणि या भिंतीची ताकद अशी आहे की तिच्यावर जे दाखवू तेच उद्या लोकांना आठवेल. म्हणून तिच्यापुढे काम करणाऱ्या पोरांवर मोठी जबाबदारी आहे. जे माहीत नाही तिथे धुकं ठेवण्याचं धाडस त्यांना शिकवलं पाहिजे. तेही एक तंत्रच आहे.

लघुपट पूर्ण झाल्यावर तो आम्ही नव्या गावठाणातल्या शाळेत दाखवला. भिंतीला चादर बांधून. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, लोक नुसते बसून राहिले. मग मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. भाच्याला म्हणाले, "पोरा, त्या धुक्यात आमचं घर होतं."

भाच्याने खिशातून वही काढली आणि दार कुठल्या बाजूला होतं, ते विचारलं.