स्पिनिंग रीलसाठी दोरी कोणती? पीळ टाळावा कसा?

भरती लागण्याच्या सुमारास मांडवीच्या काठावर, झुआरीच्या धक्क्यांवर किंवा खाजनाच्या मानशीच्या तोंडाशी रॉड घेऊन उभे असलेले हौशी मासे गरवणारे गोव्यात आता नवलाचे राहिलेले नाहीत. रॉड आणि रील यांवर ते हजारो रुपये खर्च करतात. परंतु मासा आणि माणूस यांना जोडणारी एकमेव वस्तू म्हणजे दोरी, आणि ती मात्र दुकानात समोर येईल ती उचलली जाते. पुढे काही फेकींतच तिला वेटोळी पडू लागतात, रॉडच्या कड्यांत गुंता अडकतो आणि ऐन वेळी गाठ तुटून मासा गरीसकट निसटतो. दोष अर्थातच दोरीच्या माथी मारला जातो. वास्तविक सुंभ जळला तरी न जाणारा हा पीळ बहुतेक वेळा आपल्याच हाताने घातलेला असतो. तो कसा पडतो हे कळले, की दोरीची निवडही सोपी होते.

पीळ येतो कुठून?

स्पिनिंग रीलचे मूळ कापड उद्योगात आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर स्पूलच्या रीलचे पेटंट घेतले. गिरणीतील कांडीच्या टोकावरून सूत जसे अलगद सुटते, तशीच स्पूलच्या कडेवरून दोरी सुटावी, ही त्यामागील कल्पना. या रीलमध्ये दोरी गुंडाळताना स्पूल गोल फिरत नाही. बेल नावाची तारेची कमान त्याच्याभोवती फिरते आणि दोरीचे वेढे घालते. प्रत्येक वेढ्याबरोबर दोरीला एक पीळ पडतो. फेकीच्या वेळी तोच वेढा कडेवरून सुटतो, तेव्हा तो पीळ उलगडतो. म्हणजे फेकणे आणि गुंडाळणे एवढेच चालू असेल, तर हिशेब बरोबर मिटतो.

हा हिशेब बिघडतो तो प्रामुख्याने तीन कारणांनी. पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहणे. मासा दोरी ओढून नेत असतो, दोरी आत येत नसते. तरी घाईने हँडल फिरवले जाते. रीलचे गुणोत्तर ५:१ असेल, तर हँडलच्या एका फेऱ्यात बेलचे पाच फेरे होतात. अशा वीस फेऱ्यांत दोरीला शंभर पीळ चढतात. बाहेर तीस मीटर दोरी असेल, तर मीटरमागे तीनहून अधिक! दुसरे कारण म्हणजे स्वतःभोवती फिरणारे आमिष. स्पिनर, चमचा किंवा वाकडी ओवलेली कोळंबी प्रवाहात गरगर फिरते आणि दोरीला पिळत जाते. तिसरे कारण म्हणजे रीलवर दोरी भरतानाच झालेली चूक.

दोरीचे तीन प्रकार

गोवा आणि कोकणपट्टीत जिला सरसकट तंगूस म्हणतात, ती नायलॉनची एकतंतू दोरी सर्वांच्या परिचयाची आहे. ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन तयार झाले आणि पुढे त्याने मासेमारीचे स्वरूपच बदलले. ही दोरी स्वस्त आहे, तिला गाठ चांगली बसते आणि तुटण्यापूर्वी ती साधारण २० ते ३० टक्के ताणली जाते. माशाचा अचानक बसणारा हिसका ती पचवते, म्हणून नवशिक्यासाठी हीच उत्तम. मात्र ती पाणी शोषते व भिजल्यावर तिची ताकद काहीशी घटते. कडक उन्हाने ती जीर्ण होते. स्पूलच्या वेढ्यांचा आकार ती लक्षात ठेवते, त्यामुळे जुनी दोरी स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. दोरी जितकी जाड आणि स्पूल जितके लहान, तितका हा त्रास अधिक.

दुसरा प्रकार फ्लुओरोकार्बनचा. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२ असून पाण्याचा १.३३ आहे. नायलॉनचा त्याहून बराच अधिक असल्याने पाण्यात फ्लुओरोकार्बन कमी उठून दिसते. ते नायलॉनपेक्षा जड असल्याने बुडते, पाणी शोषत नाही आणि घासण्याला चांगली दाद देते. परंतु ते ताठर असते. संपूर्ण स्पूल त्याने भरल्यास वेटोळ्यांचा उपद्रव वाढतो. त्यामुळे आमिषाआधीचा शेवटचा तुकडा, म्हणजेच लीडर, एवढ्यापुरतेच ते वापरणे शहाणपणाचे.

तिसरा प्रकार विणीच्या दोरीचा. बाजारात तिला ब्रेड किंवा पीई म्हणतात. अतिबळकट पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची ही वीण त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा खूपच बारीक असते. ती जेमतेम ताणली जाते, त्यामुळे खोल पाण्यातील हलकासा ठोकाही बोटाला जाणवतो. तिला वेढ्यांची आठवण राहत नाही, फेक लांब जाते. पण तिचे दोषही लक्षात घ्यावेत. कालवे चिकटलेल्या खडकावर किंवा पुलाच्या खांबावर ती एका घासातच कापली जाते. गुळगुळीत असल्याने साधी गाठ तिच्यावर सरकते. आणि मुख्य म्हणजे, पीळ चढला तरी ती तंगुसासारखी वेटोळी दाखवत नाही. पीळ साठत जातो आणि एखाद्या फेकीत अचानक गाठोडेच बाहेर पडते. ब्रेडला पीळ पडत नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

किती जाड घ्यावी?

चोणक आणि तांबसो हे खारफुटी व खडकांच्या आडोशाला राहणारे मासे. गरी लागताच ते आडोशात घुसतात. चोणकाचे कल्ल्यांचे आवरण धारदार असते. अशा ठिकाणी ३००० ते ४००० आकाराच्या रीलवर २० ते ३० पौंडांची ब्रेड आणि पुढे सुमारे एक मीटर ४० ते ६० पौंडांचा लीडर, ही जोडणी उपयुक्त ठरते. पेटीवरील पौंडाला ०.४५ ने गुणले की किलो मिळतात. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो. लहान माशांसाठी, मुलांना शिकवण्यासाठी किंवा शांत पाण्यात ८ ते १० पौंडांचे तंगूस पुरेसे आहे. जपानी पद्धतीच्या पीई क्रमांकात १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर जाडी. आपल्या रीलला कोणती जाडी किती मीटर मावते, हे बहुधा स्पूलवरच छापलेले असते. खरेदीपूर्वी ते वाचावे. त्याहून जाड दोरी लहान स्पूलवर कोंबणे म्हणजे गुंत्याला आमंत्रण.

रीलवर दोरी भरताना

नव्या दोरीची चकती लेबल वर करून जमिनीवर आडवी ठेवावी. दोरी रॉडच्या पहिल्या कड्यातून घेऊन स्पूलला बांधावी आणि ओल्या फडक्यात चिमटीने धरून ताण ठेवत गुंडाळावी. हँडलचे पंधरा-वीस फेरे झाल्यावर थांबून दोरी सैल सोडावी. ती सरळ लोंबली तर ठीक. स्वतःभोवती वळू लागली तर चकती उलटी करावी. हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण बहुतेक जण नेमके हेच टाळतात.

स्पूल काठोकाठ भरू नये. कडेपासून दोन ते तीन मिलिमीटर मोकळे सोडावेत. त्याहून जास्त भरल्यास वेढे आपोआप घरंगळतात. फार कमी भरल्यास दोरी कडेला घासून फेक आखूड पडते. ब्रेड भरण्याआधी तळाशी तंगुसाचे काही वेढे द्यावेत, अन्यथा संपूर्ण दोरीच स्पूलवर घसरत राहते. ब्रेड आणि लीडर जोडण्यासाठी एफजी किंवा दुहेरी युनि गाठ वापरावी. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ओली करणे हा नियम मोडू नये. कोरड्या घर्षणाने दोरी कमजोर होते.

पाण्यावर पाळायच्या सवयी

फेक पूर्ण होताच बेल हँडल फिरवून नव्हे, तर हाताने बंद करावी आणि दोरी बोटाने ओढून ताठ करावी. सैल वेढा स्पूलवर बसू न देणे, हा गुंता टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ठेवावा. मासा धावत असताना हँडल थांबवावे. तो थांबला की रॉड उचलावा आणि रॉड खाली आणताना तेवढीच दोरी गुंडाळावी. ड्रॅगची करकर ऐकू येत असेल, तर हात स्थिर ठेवणे हेच कौशल्य. मोठ्या माशाच्या झुंजीनंतर थोडा पीळ उरतोच. ड्रॅगवर सुटलेल्या दोरीचा पीळ फेकीत सुटणाऱ्या दोरीसारखा उलगडत नाही.

फिरणाऱ्या आमिषामागे चांगला, बॉल बेअरिंगचा स्विव्हल लावावा. मात्र तो आमिषाच्या फिरण्यावरचा इलाज आहे, हँडलच्या चुकीवरचा नव्हे. कोळंबी किंवा लहान मासा ओवताना तो सरळ राहील, हे काठाजवळच पाण्यात ओढून पाहावे.

चढलेला पीळ काढताना

गरी, स्विव्हल, आमिष सर्व काढून नुसती दोरी होडीच्या मागे पन्नास-साठ मीटर सोडावी आणि काही मिनिटे ओढत न्यावी. मोकळे टोक फिरून पीळ निघून जातो. होडी नसेल, तर ओहोटीच्या जोरदार प्रवाहात किंवा मोकळ्या मैदानावरील गवतावरून दोरी ओढावी. परत गुंडाळताना चिमटीचा ताण विसरू नये. दिवसाअखेर शेवटचे दोन मीटर बोटांमधून फिरवून पाहावेत. खरखरीतपणा जाणवला, तर तेवढे कापून टाकावेत. तंगूस दर हंगामाला बदललेले बरे.

तुटलेली दोरी जाते कुठे?

पिळलेली दोरी तुटते, तेव्हा तिचा प्रवास संपत नाही. खारफुटीच्या मुळांत अडकलेले तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. मांडवीतील चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. पाणकावळ्याच्या पंखाला किंवा कासवाच्या पायाला गुंडाळलेली दोरी त्याला सोडवता येत नाही. गरी तोंडात घेऊन, मागे मीटरभर दोरी ओढत निघून गेलेला मासाही फार काळ जगेलच असे नाही.

म्हणून कापलेली दोरी काठावर न टाकता खिशात घालून घरी न्यावी आणि लहान तुकडे करून कचऱ्यात द्यावी. योग्य दोरी, नीट भरलेले स्पूल आणि वेळीच थांबलेला हात यांनी आपली फेक लांब जाते, हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नदीत आपले काहीही मागे राहत नाही.