पाटाचे पाणी आणि नाव असलेली नळी

श्रोते हो, हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला पाटाचे पाणी समजावून सांगायला नको. पूर्णा नदीवर येलदरीचे धरण. तिथून सोडलेले पाणी नदीतून खाली सिद्धेश्वरला येते आणि सिद्धेश्वरच्या कालव्यांनी रानात जाते. आता पाहा, येलदरीचे सारे पाणी कालव्यात एका वेळी कधीच मावायचे नाही. पण हंगामभर कालवा वाहता राहिला तर किती शिवारे भिजतात! आज ज्या नळीची हकिगत सांगायची आहे तिचे मर्म एवढेच. तिच्यातून पाणी नव्हे, माहिती वाहते.

1964 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅक्इलरॉय नावाचे गणिती होते. बागेतल्या पाण्याच्या नळ्या आपण एकीला एक जोडतो, तसे संगणकाचे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असे एक टिपण त्यांनी त्या ऑक्टोबरात लिहिले. टिपण तसेच पडून राहिले. पुढे 1973 मध्ये केन टॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीत ती सोय घातली. मॅक्इलरॉय सांगत, एका रात्रीत! विचाराला नऊ वर्षे आणि कामाला एक रात्र. आपल्या गावच्या पाणंद रस्त्याची आठवण झाली ना?

या पहिल्या नळीला नाव नव्हते. काम संपले की तीही संपे. 1980 च्या दशकाच्या आरंभी युनिक्सच्या सिस्टिम थ्री या आवृत्तीत नाव असलेली नळी आली. फाइलींच्या यादीत ती फाइलीसारखीच दिसते. त्यामुळे ‘मी फाइलीतच लिहीन’ असा हट्ट धरणाऱ्या प्रोग्रामलाही तिचे नाव सांगून चकवता येते. तो बिचारा लिहीत राहतो, दुसरा त्याच नावाने वाचत राहतो, आणि डिस्कवर काही साठत नाही.

समजा, एखाद्या जिल्ह्याचे सातबारे जुन्या यंत्रावरून नव्यावर न्यायचे आहेत. जुन्याची डिस्क काठोकाठ भरलेली, नक्कल ठेवायला जागा नाही. मग नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामला नळीचे नाव द्यायचे. नळीच्या दुसऱ्या तोंडाशी माहिती दाबून लहान करणारा प्रोग्राम, त्याच्यापुढे ती तारेवरून पाठवणारा. नळी यंत्राच्या आतच असते बरे का. गावाहून गावाला नेते ती तार. पलीकडे हेच उलट्या क्रमाने. लिनक्सवर या नळीत एका वेळी साधारण 64 किलोबाइट मावतात, म्हणजे मजकुराची थोडी पाने. तेवढ्यातून अख्खा जिल्हा निघून जातो.

एका बाबतीत ही नळी पाटाहून शहाणी. पुढचा पाणी घेईनासा झाला तर पाट फुटतो. इथे मागचा थांबून राहतो. वाचणाऱ्याने आपले तोंड उघडेपर्यंत लिहिणारा पुढे सरकतच नाही, आणि नवखा माणूस यंत्र बिघडले म्हणून घाबरतो. पण मध्येच तार तुटली तर? नळीत शिल्लक काहीच नसते. बहुधा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. अर्धे भरलेले दप्तर पुऱ्यासारखे दिसते, हा खरा धोका. आपला गट नंबर राहून गेला हे शेतकऱ्याला कर्जाला गेल्यावर कळायचे. तेव्हा दोन्हीकडच्या नोंदी मोजून ताळा जुळेपर्यंत जुने पुसू नये. यादीवर सही घेतल्याशिवाय चार्ज सोडायचा नाही, ही तलाठ्याची रीत यंत्रालाही लागू.

साठवून पाठवायचे की वाहते ठेवायचे, हा प्रश्न औंढा नागनाथलाही येणार आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथे मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा 4-4 किलोमीटरच्या. अशा वेधशाळेच्या नोंदी पडून राहून चालत नाही. 17 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिका व इटलीतल्या वेधशाळांनी आपल्या नोंदी एकत्र करून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची दिशा काढली, आणि टकरीची लहर आल्यापासून अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीला तिचा प्रकाश सापडला. तो प्रकाश पुढच्या काही दिवसांत मावळत गेला. औंढ्याच्या नोंदींनाही परदेशातल्या नोंदींची गाठ अशीच वेळेत घ्यावी लागेल.