मडगार्ड काढलेली सायकल : एक नोंद

वस्तूचा इतिहास आपण बहुधा कारखान्यापासून मोजतो. ती कोणी काढली, कोणत्या साली काढली, हे कळले की इतिहास पूर्ण झाला असे वाटते. वापरणाऱ्याने ती घरी नेऊन तिचे काय केले, हा प्रश्न मागेच राहतो. ‘माउंटन बाइक’ या वाहनाचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे, कारण त्याची सुरुवातच वापरणाऱ्यांनी केलेल्या मोडतोडीतून झाली.

कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या. मडगार्ड आणि शोभेचे भाग काढून टाकले, गिअर व मोटारसायकलीचे ब्रेक जोडले आणि त्या डोंगरवाटांवर नेल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे ३.४ किलोमीटरच्या त्या उतारावर, उलटे पायडल दाबून लागणाऱ्या जुन्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई. ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा घडवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी धंदा सुरू केला. पुढचा इतिहास बाजारपेठेचा आहे.

आता पातूरकडे वळू. अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता येथे सपाटी सोडून घाट चढू लागतो. जुन्या वऱ्हाडाचे पयानघाट आणि बालाघाट असे जे दोन भाग सांगितले जात, त्यांच्या सांध्यावरचे हे गाव. डोंगरातील कोरीव लेणी पाहता, या वाटेची वर्दळ फार जुनी असावी.

स्वातंत्र्यानंतर सायकल सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात येऊ लागली. अ‍ॅटलसचे उत्पादन १९५१ मध्ये सोनीपतला आणि हीरोचे १९५६ मध्ये लुधियान्याला सुरू झाले. या सायकलींचा घाट इंग्रजी होता : उंच दांडा, मोठी चाके, सळईचे ब्रेक. त्या डांबरी रस्त्यासाठी घडल्या होत्या, पांदणीसाठी नव्हे. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरतच नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे मडगार्ड काढणे. दुधाच्या कॅनसाठी कॅरिअरला लोखंडी सळ्या जोडणे हा दुसरा. माघ-फाल्गुनात माती वाळते, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दबून टणक होतात, डोंगरउतारावर पळस फुलतो आणि ऊन अजून सोसण्याजोगे असते. पांदणीने सायकल चालवावी ती याच दिवसांत. तेव्हाही सराट्यांचे भय असतेच.

दोन्हीकडे कृती एकच, मडगार्ड काढणे. हेतू मात्र भिन्न. तिकडे उताराची मौज होती, येथे दूध, चारा आणि शाळा. हा भेद पुसून ‘माउंटन बाइक आमचीच’ असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. मरीनच्या तरुणांपैकी केली यांनी लिहिले. १९८० पासून त्यांचे ‘फॅट टायर फ्लायर’ हे नियतकालिक निघू लागले. शर्यतींच्या वेळा वहीत नोंदल्या गेल्या. २०१५ मध्ये फेअरफॅक्सला सायकलींचे संग्रहालय उभे राहिले. छंदाला संहिता मिळाली आणि संहितेमुळे त्याला इतिहास मिळाला. गरजेपोटी केलेल्या बदलांना मात्र लेखक मिळाला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध भाषेचा आहे. ‘आउट काढणे’, ‘छर्रे’, ‘वालट्यूब’, दांड्याखालून पाय घालून चालवायची ‘कैची’ ही शब्दसंपदा दुरुस्तीच्या दुकानांतून वाढली. मोटारसायकली आल्या, तशी ती दुकाने विरळ होत चालली आहेत. हे शब्द कोशात नोंदले जातील तेव्हा त्यांचे अर्थ सांगणारे हात उरलेले असतील का, याची आम्हांला शंका वाटते. ग्रामीण साहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने एक फाल्गुन एखाद्या मिस्त्रीच्या दुकानात वही घेऊन बसण्यात घालवला, तर एका अलिखित इतिहासाचे पहिले पान तरी लिहिले जाईल.